फुलहॅमपासून केडगावपर्यंत: रमाबाईंना सापडलेली कृपा

(मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना अर्धवट राहिलेली काही वाक्ये इथे पुरी केली आहेत.)



'ख्रिस्ती श्रद्धेतली कृपेची कल्पना' असा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांचे दोन दिवस उत्तर आले नाही. मग एक अतिशय सभ्य ई-मेल आली. विषय चांगला आहे, पण आपल्या सभासदांना जवळचा वाटेल असा एखादा दुवा जोडता येईल का? दुवा जोडायची गरजच नव्हती. तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि त्यातला महत्त्वाचा भाग याच देशात घडला आहे. तो दुवा म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव आपल्या कार्यक्रमांत नेहमी येते. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली गौरवलेली विदुषी, आर्य महिला समाज काढणारी, हंटर आयोगापुढे स्त्री-डॉक्टर आणि स्त्री-शिक्षिका हव्यात म्हणून सांगणारी, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहिणारी, शारदासदन उभारणारी. या रमाबाई आपल्या आहेत. मग एक वाक्य येते, "पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला," आणि वक्ता घाईने पुढे सरकतो. जणू घरातल्या कर्तबगार बाईच्या एखाद्या आजारपणाचा उल्लेख करावा.

मी नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) एका ख्रिस्ती घरात वाढले. आमच्याकडे नेमके उलटे होते. रमाबाईंच्या प्रार्थना, त्यांचे बायबलचे भाषांतर, केडगावचे 'मुक्ती' हे सगळे आम्ही ऐकले. पण या बाईंनी इंग्लंडमधल्या बिशपांना आणि मठवासिनींना किती खडसावले होते, हे मला इथे येऊन पुस्तकात वाचावे लागले. म्हणजे तुमच्याकडे अर्ध्या रमाबाई होत्या आणि आमच्याकडे उरलेल्या अर्ध्या. माझे म्हणणे असे की हे दोन अर्धे जोडणारा जो शब्द आहे तो 'कृपा'. तो काढला तर त्यांचे सामाजिक कामही पुरते कळत नाही.

सुरुवात पुण्यसंचयापासून करावी लागेल. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, हा धीटपणा आपण नेहमी सांगतो. पण याच अनंतशास्त्र्यांनी होते नव्हते ते तीर्थयात्रांत आणि दानधर्मात घालवले. गावोगाव देवळात पुराण सांगायचे, मिळेल ते खायचे, उपास करायचे, व्रते करायची. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. उपासमारीने. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास त्यानंतर हजारो मैल पायी हिंडले. सांगितलेली सगळी कर्मे त्यांनी बिनचूक केली होती. जमेच्या बाजूला सगळे होते आणि हातात काहीच आले नाही. पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत (इंग्रजीत 'टेस्टिमनी') त्यांनी हे सारे अगदी कोरडेपणाने मांडले आहे. शास्त्रांचे आपसात कितीही मतभेद असोत, दोन गोष्टींवर सगळ्यांचे एकमत दिसले, असेही त्या तिथे म्हणतात. बाईची जात मुळातच वाईट, आणि पुरुषाला मिळतो तसा मोक्ष तिला मिळायचा नाही.

आता इंग्लंड. भाऊ १८८० साली गेला. त्यानंतर बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, परजातीत, नोंदणी पद्धतीने लग्न झाले. पती १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने गेले. पंचवीस वर्षांची विधवा, कडेवर मनोरमा, आणि 'स्त्री धर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून जमवलेले प्रवासाचे पैसे. १८८३ साली त्या वाँटेजला आल्या. हारवेलच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या आपल्यातल्या मंडळींना वाँटेज माहीत आहे ते तिथल्या घरांच्या किमतींमुळे. तिथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या मठाच्या भगिनींनी रमाबाईंना ठेवून घेतले. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, पण कानाने कमी ऐकू येत असल्याने ते राहून गेले.

त्या वर्षी भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेले. तिथे मठातर्फे 'पतित' स्त्रियांसाठी काम चाले. शब्द त्या काळाचा आहे, मी तो मुद्दाम तसाच ठेवते आहे. रमाबाईंनी पाहिले ते असे की मठातल्या कुलीन, शिकलेल्या स्त्रिया या बायकांची सेवा करत होत्या, त्यांच्याशी मायेने बोलत होत्या, आणि त्यांतल्या काहीजणी सावरून पुढे इतरांची सेवा करू लागल्या होत्या. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या बाईंना मनुस्मृतीचा आठवा अध्याय आठवला, जिथे नवऱ्याशी प्रतारणा करणाऱ्या बाईला राजाने चारचौघांत कुत्र्यांकडून फाडवावे असे सांगितले आहे. त्यांनी भगिनीला विचारले की तुम्ही हे का करता? कशामुळे करता? उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढला.

ही गोष्ट सर्वांना माहीत असेलच असे नाही. येशू दमून विहिरीच्या काठावर बसला आहे. भर दुपारची वेळ. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नाहीत. तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, की तू मला पाणी मागतोस? मग बोलता बोलता कळते की तिचे पाच नवरे झाले आहेत आणि आता आहे तो नवरा नव्हे. तो हे जाणतो, बोलून दाखवतो, आणि तरीही बोलत राहतो. देवाची उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात, या तिच्या प्रश्नालाही पूर्ण उत्तर देतो. इंग्रज धर्मोपदेशक ही गोष्ट सांगताना त्या पाच नवऱ्यांवर रेंगाळतात. आमच्या गावाकडे ती सांगताना जोर पाण्यावर असे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यापासून दूर ठेवले होते, त्यांना या गोष्टीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. मागणारा उलटा पाणी मागतो आहे, एवढे पुरते.

रमाबाई म्हणतात की हा अध्याय वाचल्यावर आपल्याला ख्रिस्त कळला. भारतातल्याच नव्हे, सगळ्याच देशांतल्या दडपलेल्या स्त्रीला वर उचलील तर हाच, असे त्यांना वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा आणि अडीच वर्षांच्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

इथे थोडे थांबते, कारण त्याच महिन्यातली एक गोष्ट आमच्याकडचे लोक गाळतात. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण आली होती. आपल्याला बळजबरीने बाटवतील या धास्तीने तिच्या मनाचा तोल गेला. मॅक्सम्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की तिने एके रात्री रमाबाईंचा गळा दाबायचा प्रयत्न केला आणि नंतर स्वतःचा जीव घेतला. त्यानंतर ऑक्सफर्डला त्यांच्या घरी असताना रमाबाईंना रात्री खोलीत एकटे झोपवत नसे. कृपेबद्दल बोलताना हा मृत्यू बाजूला ठेवता येत नाही. या बाईंनी देवाला होकार दिला तो मैत्रीण गेल्यावर अवघ्या काही दिवसांत.

'पतित' या शब्दाकडे पुन्हा एकदा बघा. आपल्या भाषेत बहकलेली बाई ती पतित, आणि धर्म सोडलेला माणूसही पतित. फुलहॅमच्या बायकांना बघणाऱ्या रमाबाई पुण्याच्या हिशेबाने थोड्याच दिवसांत स्वतः पतित ठरल्या. आणि त्याच भाषेत विठोबाला 'पतितपावन' म्हणतात! हा शब्द आपल्या ओठांवर कधीपासून आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. रमाबाई त्या पुलावरून आल्या नाहीत, त्या शास्त्रांच्या उभ्या कड्यावरून उतरल्या. तुकाराम आधी भेटते तर काय झाले असते, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. उत्तर मिळत नाही.

बाप्तिस्म्यानंतर सगळे आनंदीआनंद झाले, असे मुळीच नाही. ज्यांना ते वाचायचे आहे त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांनी जमवलेला आणि अ. भि. शहा यांनी १९७७ साली संपादित केलेला पत्रसंग्रह मिळवावा. जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांत 'आजीबाई' म्हणतात, आणि त्याच पत्रात पुढच्या ओळीला भांडतात. चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकत असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवाव्यात असे निघाले, तर बिशपांनी मोडता घातला. भारतात नाव खराब होईल म्हणून! रमाबाई कडाडल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हा त्यांचा दुसरा वाद. त्रैक्याचा सिद्धान्त बुद्धीला पटत नाही तोवर तोंडाने म्हणणार नाही, हा तिसरा. अंडे घातलेले पुडिंग खाणार नाही, हा चौथा. जेराल्डीनना यात गर्व दिसला, हट्ट दिसला, ब्राह्मणीपणाचा अवशेष दिसला.

आपण अर्थातच रमाबाईंच्या बाजूने टाळ्या वाजवतो. मीही वाजवते. वासाहतिक वरचष्म्याला एक काळी बाई त्यांच्याच घरात राहून, त्यांचे अन्न खाऊन, नाही म्हणते आहे. पण गंमत अशी की रमाबाईंनी स्वतः पुढे या टाळ्या घेतल्या नाहीत. वादात त्या बरोबर होत्या असे मला वाटते, त्यांनाही बहुधा शेवटपर्यंत वाटत असावे. तरीही बरोबर असणे त्यांना पुरले नाही.

आता १८९१ साल. अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहून, निधी जमवून, ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले होते. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. जगभर नाव झाले होते. अशा वेळी त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन पडले. हा गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये बाल्ड्यू गावी चर्चमध्ये अनेक वर्षे काम करून चुकला होता. आणि १८५१ साली एका रविवारी स्वतःचेच प्रवचन देता देता त्याला उमगले की आपण जे सांगतो आहोत ते आपल्याला अजून मिळालेलेच नाही. ऐकणाऱ्यांतल्या एकाने ओरडून सांगितले की पाद्रीबाबांचे परिवर्तन झाले. ही हकिगत इथल्या लोकांना विनोदी वाटते, आणि ती थोडी आहेच. रमाबाईंना ती लागली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळून आठ वर्षे झाली, पण ख्रिस्त मिळालेला नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. एका जमाखर्चातून सुटून आपण दुसऱ्या जमाखर्चात अडकलो होतो. आधी तीर्थे आणि व्रते, नंतर बाप्तिस्मा, उपासना आणि सत्कार्य. आपल्या पापाचे काय करायचे, हा प्रश्न होता तिथेच. साक्षीत त्या लिहितात तो भाव असा की मी स्वतःच्या शक्तीच्या टोकाला पोचले, आणि मग विनाअट शरण गेले.

१८८३ साली फुलहॅमला त्यांनी कृपा पाहिली ती दुसऱ्यांसाठी. त्या बिचाऱ्या बायकांना ती हवी होती, आणि रमाबाई बघणाऱ्यांत होत्या. १८९१ साली त्या स्वतः त्याच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. ज्यांच्या नावावर कसलाच बदलौकिक नव्हता, उलट पदव्या होत्या, अशा बाईंना ते आठ वर्षे जमले नव्हते. मला वाटते विद्वान माणसाला तेच सर्वांत जड जाते.

आपल्यालाही ते जड जाते. आपण या देशात कसे आलो? गुण मोजून. बोर्डाचे गुण, प्रवेश परीक्षेचे गुण, मग व्हिसासाठी पुन्हा शिक्षणाचे इतके, पगाराचे तितके. कायम वास्तव्याच्या अर्जात चारित्र्य चांगले असल्याची खात्रीही द्यावी लागते. आपले सगळे आयुष्य पात्रता सिद्ध करण्यात गेले आहे, आणि मुलांनाही आपण तेच शिकवतो. कृपा या व्यवस्थेत बसत नाही. आधी सुधार मग जवळ घेतो, असे ती म्हणत नाही. आधी जवळ घेते, सुधारणा झालीच तर मागाहून. गुणवंत माणसाला हे अन्यायाचे वाटते. आपण पुरोगामी मंडळीही यात मागे नाही. आपल्या यादीतल्या एखाद्या मुद्द्यावर घसरलेल्या माणसाला आपण पुन्हा बैठकीला बोलावतो का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

"तुम्ही संशोधक असून हे मानता?" असे मला चहाच्या वेळी नक्की विचारले जाईल, म्हणून आताच सांगते. मानते. कृपा मोजता येते असा माझा दावा नाही, आणि ती सिद्ध करायला मी इथे उभी नाही. मला दाखवायचे आहे ते एका माणसाच्या आयुष्यात तिने काय केले, एवढेच. तेवढे कागदोपत्री तपासता येते.

तिने सगळे गोडच केले असे नाही. १८९१ नंतर रमाबाईंना शारदासदनात तटस्थ राहणे कठीण झाले. धर्मशिक्षण देणार नाही असे वचन होते. ते त्यांनी शब्दशः पाळले, पण त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेचे दार उघडे असे, आणि मुली येऊन बसत. केसरीने झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आमच्याकडे रानड्यांना इथे भित्रे ठरवतात. मला ते पटत नाही. बालविधवांच्या पालकांना दिलेला शब्द ही लहान गोष्ट नव्हती, आणि त्या दोघांची अडचण खरी होती. रमाबाईंचीही खरी होती.

पण आता पुढचे बघा. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलीबायकांना घेऊन आल्या. आईबापांचा भूकबळी पाहिलेल्या बाईंना दुष्काळ कोणी समजावून द्यायला नको होता. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन वाढले ते यातून. शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते, मुक्तीत जातीचा प्रश्नच उरला नाही. दुष्काळी छावण्यांच्या आसपास बायकांना पळवणाऱ्या, विकणाऱ्या, नासवणाऱ्या लोकांचा सुळसुळाट होता. त्या तडाख्यातून आलेल्या स्त्रियांसाठी रमाबाईंनी वेगळे घर काढले. त्याचे नाव त्यांनी ठेवले 'कृपासदन'.

फुलहॅमला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी केडगावला विटामातीत दिले. उतारवयात त्या 'धार्मिक' झाल्या आणि सुधारणेचे काम मागे पडले, असे आपण म्हणतो तेव्हा कृपासदनाचे काय करतो? रानडे, भांडारकर, कर्वे ही सर्व थोर माणसे. पण त्या काळी पुण्याच्या सुधारकांत विधवेबद्दल कणव होती ती निष्कलंक विधवेबद्दल. जिच्यावर डाग लागला तिच्यासाठी ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. आणि रमाबाईंच्या धर्मांतराची ठामपणे बाजू घेतली तीही १८८५ साली 'सत्सार'मध्ये ज्योतिरावांनीच. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

एक गोष्ट आमच्या चर्चबद्दल बोलल्याशिवाय बसता येणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला. जॉन स्माइथ नावाच्या माणसाने अनेक वर्षे मुलांवर केलेल्या अत्याचारांची माहिती चर्चमधल्या अनेकांना होती, आणि तिचा पाठपुरावा नीट झाला नाही, असे चौकशी अहवालात आले. अशा प्रकरणांत 'क्षमा' आणि 'कृपा' हे शब्द अत्याचार करणाऱ्याच्या बचावाला वापरले जातात, हे मी इथल्या चर्चमध्ये आणि आमच्या नगरकडेही ऐकले आहे. डीट्रिश बोनहॉफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९३७ साली याला 'स्वस्त कृपा' असे नाव दिले होते. रमाबाईंच्या कृपासदनाकडे पाहिले की फरक लगेच कळतो. त्या घरातल्या बहुतेक बायका पाप केलेल्या नव्हत्याच. त्यांच्यावर पाप झाले होते, आणि पतित मात्र त्या ठरल्या होत्या. रमाबाईंनी दार उघडले ते त्यांना, त्यांना विकणाऱ्यांना नव्हे. आणि हे करताना स्वतःला त्यांच्याहून वेगळ्या प्रतीची समजल्या नाहीत, कारण १८९१ सालानंतर तसे समजायची त्यांना सोय उरली नव्हती.

जातीबाबतही हेच. ख्रिस्तात भेद नाही असे आम्ही दर रविवारी म्हणतो, आणि मुलाचे लग्न ठरवताना मूळची जात विचारतो. कृपा फुकट मिळते म्हणून ती वाटायची नसते, असा काही आमचा समज झालेला दिसतो.

मनोरमा १९२१च्या जुलैमध्ये गेल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केलेले बायबलचे भाषांतर त्यांनी शेवटच्या वर्षांत पुरे केले. ज्या चर्चशी त्या इतक्या भांडल्या त्या चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे. तिथे ओळख दिली आहे ती 'शास्त्रग्रंथांच्या भाषांतरकार' अशी. कृपासदनाचा उल्लेख नाही.

त्या तारखेच्या जवळच्या शनिवारी वाँटेजला जायचे आमच्या काहीजणांच्या मनात आहे. डिडकॉटपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. श्रद्धेची अट नाही. ज्यांना यायचे असेल त्यांनी संयोजकांकडे नावे द्यावीत, डबा आपापला आणावा. आता प्रश्न घेऊ या.